जुन्या घराचा व्हरांडा नव्याने बांधताय? या चुका टाळा

खोताची वाडी, माझगावची माथारपाखाडी, वांद्र्याचं रणवार इथल्या जुन्या घरांचं निम्मं रूप त्यांच्या व्हरांड्यात आहे. व्हरांडा पडला की घर बोडकं दिसतं, म्हणून लोक हौसेने तो पुन्हा उभारतात. पण बहुतेकांचं लक्ष नक्षीवर असतं आणि पाण्याकडे दुर्लक्ष होतं. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जुन्या सुतार-गवंड्यांनी व्हरांड्याचा प्रत्येक भाग त्या पावसाचा विचार करून घडवला होता. ते गणित चुकलं, तर हुबेहूब दिसणारा व्हरांडाही काही पावसाळ्यांतच कुजायला लागतो.

आधी पाडणं, मग आठवणं

सर्वात महागात पडणारी चूक हीच. जुना सांगाडा कितीही मोडकळीला आलेला असो, मापं आणि फोटो घेतल्याशिवाय एक फळीही काढू देऊ नका. कठड्याचा दांडा उलटा करून पाहा. गज केव्हाच गेले असले तरी त्यांची भोकं राहिलेली असतात. त्यावरून गजांमधलं अंतर कळतं. भिंतीवरच्या रंगाचे थर हळूच खरवडले की जुन्या छपराची तिरकी रेघ सापडते. ही माहिती एकदा डेब्रिजच्या गाडीत गेली, की मग कंत्राटदार कॅटलॉगमधली राजस्थानी जाळी आणून बसवतो आणि गिरगावातलं घर रिसॉर्टसारखं दिसू लागतं.

खांब काँक्रीटमध्ये पुरणं

खांब हलू नये म्हणून त्याचा बुंधा काँक्रीटमध्ये गाडतात. लाकूड उभ्या रेषांमधून पाणी वर ओढतं आणि काँक्रीट ते सुकू देत नाही. वरून रंग छान दिसतो, पण बुंध्याशी स्क्रूड्रायव्हर टोचला तर तो दोन इंच आत जातो आणि ओला भुसा बाहेर येतो. जुन्या घरांत खांबाखाली दगडी तळखडा असायचा, तो ह्यासाठीच. तळखडा फरशीच्या वर राहिला पाहिजे. त्याच्याभोवती पाणी साचता कामा नये.

बुंधा कुजलेला असेल तर अख्खा खांब टाकू नका. कुजलेला भाग कापून निरोगी सागाचा तुकडा लांब तिरक्या सांध्याने जोडणारे सुतार अजून आहेत. पाडकामातून निघालेला जुना साग रे रोडच्या लाकूडबाजारात शोधा. घेताना कीड आणि आत राहिलेले खिळे नीट तपासा. समुद्राच्या खाऱ्या हवेत साधे लोखंडी खिळे लवकर गंजतात, म्हणून स्क्रू पितळेचे किंवा स्टेनलेस स्टीलचे वापरा.

छपराचा उतार कमी करणं

डोक्यावर जरा मोकळी उंची हवी म्हणून पुढचे खांब वाढवायचा मोह होतो. मागची बाजू वरच्या मजल्याच्या खिडकीखाली अडकलेली असते, ती वर सरकत नाही. परिणामी उतार मोडतो. मंगलोरी कौलांना 25 ते 30 अंशांचा उतार लागतोच. तो कमी झाला, की नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर पाणी कौलाखाली उलटं चढतं. मग गळतंय म्हणून वर निळं प्लास्टिक येतं, नाहीतर पत्रा.

भिंतीलगत गळत असेल तर कौलं बदलून काही होणार नाही. छप्पर भिंतीला मिळतं तिथे नुसता सिमेंटचा वाटा, म्हणजे कोपऱ्यातली तिरकी पट्टी, मारलेला असेल, तर तो तडकतोच. भिंतीत खाच पाडून पत्र्याची पट्टी आत बसवा आणि खाच चुन्याने बुजवा.

चुन्याच्या भिंतीला सिमेंट

जोत्याच्या दगडांमधला चुना काढून तिथे सिमेंट भरलं, की ओल सांध्यांतून बाहेर पडू शकत नाही. ती भिंतीत वर चढते, लोणा, म्हणजे क्षाराचा पांढरा थर, धरतो आणि गिलाव्याचे पापुद्रे निघतात. त्यावर ऑइलपेंट मारणं म्हणजे ओल आतच कोंडणं. मुरवलेला चुना वापरा. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश कडक होतो, त्यामुळे कंत्राटदाराची घाई इथे चालू देऊ नका. उन्हापासून आडोसा करून गिलावा काही दिवस ओलसर ठेवायला लावा. काम दिवाळीनंतर काढलं तर हा वेळ मिळतो. मे महिन्यात सुरू केलं तर अर्धवट छपरावर पाऊस येणार.

जुन्या फरशीवर नवी फरशी

मुंबईत गल्ल्या काँक्रीटच्या होत होत वर आल्या आहेत. कित्येक ओट्यांची एखादी पायरी रस्त्यात गेली आहे. म्हणून लोक फरशीवर फरशी चढवतात आणि उंबऱ्याची उंची खातात. पुढच्या मुसळधार पावसात पाणी थेट घरात येतं. जुनी फरशी उचलूनच नवी घाला आणि दर पाच फुटांना एक इंच उतार बाहेरच्या बाजूला द्या.

परवानगी शेवटी बघू म्हणणं

1995 पासून मुंबईत वारसा इमारतींसाठी नियमावली आहे. तुमचं घर यादीत आहे का, किंवा वारसा परिसरात येतं का, हे आर्किटेक्टकरवी पालिकेत आधी विचारून घ्या. तसं असेल तर वारसा समितीकडे प्रकरण जाऊ शकतं. अर्जासोबत जुन्या व्हरांड्याचे फोटो आणि मापं जोडा. आणि उघडा व्हरांडा काचा लावून खोलीत सामील करायचा विचार असेल, तर तो सोडून द्या. बांधकाम बेकायदा ठरण्याची भीती आहेच, शिवाय आतल्या खोल्यांचा वारा बंद होतो.