ब्रीडरमधला मायकोप्लाझ्मा : घरघर थांबली म्हणजे रोग गेला असं नाही

रात्री लाईट घालवा आणि पाचेक मिनिटं कोंबड्यांच्या शेडमध्ये गप उभे राहा. दिवसा कलकलाटात काही कळत नाही, पण रात्री घरघर, मधूनच शिंक असं ऐकू आलं की समजायचं सीआरडीची (मायकोप्लाझ्मा या जंतूमुळे होणाऱ्या जुनाट श्वासाच्या रोगाची) तपासणी करायची वेळ आली. आयबी (इन्फेक्शियस ब्रॉन्कायटिस) किंवा राणीखेत या विषाणूच्या रोगांतही असाच आवाज येतो, म्हणून नुसत्या कानावर विसंबून औषध सुरू करू नका.

ब्रीडरमध्ये, म्हणजे पिल्लांसाठी अंडी देणाऱ्या कोंबड्यांमध्ये, दोन मायकोप्लाझ्मा जास्त त्रास देतात. गॅलिसेप्टिकम श्वासाचा, डोळ्यात फेस, अंडी कमी. दुसरा सायनोव्ही, त्यात गुडघा-तळवा सुजतो, पक्षी लंगडतो, काही वेळा अंड्याचं निमुळतं टोक खरखरीत आणि पातळ येतं. कधी कधी तर बाहेरून काहीच दिसत नाही आणि तरी अंड्यातून पिल्लात जात राहतो, खरी गोची हीच आहे.

टेस्ट सोपी आहे. पंखाच्या शिरेतून रक्त घ्या, सीरम सुटू द्या, पांढऱ्या टाइलवर सीरमचा एक थेंब नि रंगीत अँटिजनचा (मारलेल्या जंतूच्या तयार द्रावणाचा) एक थेंब मिसळून टाइल हलवत राहा, २ मिनिटांत गुठळ्या दिसल्या तर पॉझिटिव्ह. सीरम ताजंच पाहिजे, फ्रीझरमधलं नको. नुकतीच ऑइलची लस दिली असेल तर खोटा पॉझिटिव्हही येतो, त्यामुळे लॅबमधल्या एलायझा किंवा पीसीआर टेस्टने खात्री करा. सॅम्पल ५-१० घेऊन भागत नाही. मोठ्या लॉटमध्ये (एकत्र वाढवलेल्या कळपात) ५ टक्के लागण पकडायची तर ६० च्या आसपास लागतात. अंड्यावर यायच्या आधी एकदा, मग दोन-तीन महिन्यांनी.

आता औषध. या जंतूला पेशीभित्तिकाच नसते, म्हणून अमॉक्सिसिलिन वगैरे कितीही पाजा, पैसे पाण्यात. टायलोसिन, टियाम्युलिन, टिल्मिकोसिन, डॉक्सी (डॉक्सीसायक्लिन) यांचा उपयोग होतो, डोस आणि दिवस डॉक्टर ठरवतील. एक मात्र पाठच करा: फीडमध्ये मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन किंवा नॅरासिन (कॉक्सी रोखायला फीडमध्ये घालतात ती औषधं) असेल तर टियाम्युलिन द्यायचं नाही, पक्षी पाय पसरून पडतात, मरतात. मी एकदा फीडच्या पिशवीवरचं लेबल न वाचताच द्यायला निघालो होतो, डॉक्टरांनी फोनवर थांबवलं म्हणून वाचलो.

औषधाने घरघर थांबते, अंडी थोडी सावरतात, पण जंतू पूर्ण जातोच असं नाही. म्हणून पॉझिटिव्ह लॉटची अंडी पिल्लांसाठी बसवू नका, खायला द्या, तीही औषधाचा विथड्रॉवल (अंड्यातून औषधाचा अंश जायला लागणारे दिवस) संपल्यावर. आधी कुणाला पिल्लं दिली असतील तर त्यांना फोन करून सांगा, लाज वाटली तरी.

रोखायचं तर पिल्लं टेस्ट केलेल्या ब्रीडरचीच घ्या, रिपोर्ट मागा, नुसतं तोंडी 'निगेटिव्ह आहे' चालत नाही. एका शेडमध्ये एकाच वयाचे पक्षी ठेवा, सगळे एकदम आत, सगळे एकदम बाहेर. बाजारात न विकलेला कोंबडा परत आत आणू नका (हे आपल्याकडे फार चालतं!). जंतू कपड्यावर, पिसावर, माणसाच्या केसात काही दिवस तग धरू शकतो, त्यामुळे शेडचे कपडे-चप्पल वेगळे आणि आधी लहान पक्षी मग मोठे असा क्रम. थंडीत पडदे गच्च बांधून अमोनिया साठवू नका, डोळे चुरचुरले की पडदा वरून थोडा उघडा.

लाइव्ह लस द्यायची असेल तर तिच्या मागेपुढे ही औषधं बंद ठेवायची, नाहीतर लसच मरते. आणि लस दिल्यावर टेस्टचा अर्थ बदलतो (पॉझिटिव्ह लसीमुळेही येऊ शकतो), तेव्हा कुठल्या तारखेला कुठली लस दिली ते वहीत लिहून ठेवा.