कमी खर्चात चित्रं आणि डिझाइन करताय? या चुका टाळा

चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा जवळ आली की माझ्याकडे दरवर्षी एक दृश्य ठरलेलं. आई-वडील पोराला घेऊन येतात. हातात ४८ रंगांची नवीकोरी पेटी, आणि काखेत स्टेशनरीच्या दुकानातली सगळ्यात स्वस्त ड्रॉइंगची वही. "सर, रंग भारीतले घेतले, तरी चित्र असं का होतंय?" वही उघडावी तर पान वाळून पापडासारखं वाकडं झालेलं, आणि जिथं ब्रश दोनदा फिरला तिथं कागदाच्या गोळ्या सुटलेल्या.

मी हसत नाही. पहिल्या पत्रिकेच्या डिझाइनचे पैसे हातात आले तेव्हा मीही हेच केलं होतं. त्या पेटीतल्या तीसेक ट्यूब पुढं न उघडताच दगड झाल्या.

पैसा रंगात, कागद फुकटात

काटकसर करताना होणारी सगळ्यात मोठी चूक हीच. कागद पातळ असेल तर रंग कितीही भारी असो, तो पाण्याबरोबर कागदात मुरतो आणि मळकट दिसतो. झेरॉक्सचा कागद ७०-८० जीएसएमचा असतो (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). तो पेन्सिलीला, पेनाला, कच्च्या आराखड्याला उत्तम. जलरंगाला ३०० जीएसएमचा कागद घ्या, शक्यतो कॉटनचा. महाग वाटतो, पण २२ बाय ३० इंचांच्या एका पूर्ण शीटचे साडेसात बाय अकराचे आठ तुकडे होतात, आणि प्रत्येक तुकड्याची मागची बाजूही वापरता येते. म्हणजे एका शीटमध्ये सोळा चित्रं. हिशेब करून बघा, वहीपेक्षा फार लांब जात नाही.

इतकं करूनही कागद फुगतोय? मग तो चारही बाजूंनी टेपने पॅडला घट्ट चिकटवा आणि रंग पूर्ण वाळल्याशिवाय टेप काढू नका.

रंग मात्र कमी घ्या. लेमन यलो, क्रिमसन, अल्ट्रामरिन ब्लू आणि बर्न्ट सिएना या चार सुट्या ट्यूब पहिल्या वर्षाला पुरतात. काळा घेऊच नका. अल्ट्रामरिन आणि बर्न्ट सिएना एकत्र केले की जो काळपट करडा मिळतो, तो आपल्या सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याच्या तटाला ट्यूबमधल्या काळ्यापेक्षा जास्त शोभतो. निळा वाढवला की सावलीतला दगड, तपकिरी वाढवला की उन्हातला. रंग चिखल होत असतील तर ट्यूबला दोष देण्याआधी ब्रश धुवायचं पाणी बघा. दोन वाट्या ठेवा, एक धुवायला, एक स्वच्छ. निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात.

क्रिमसनबद्दल एक सावधगिरी. स्वस्त गुलाबी-लाल रंग उन्हात उडतात. कागदाच्या पट्टीवर प्रत्येक रंग ओढा, अर्धी पट्टी काळ्या कागदाने झाका आणि खिडकीच्या काचेला लावून ठेवा. आपल्याकडचा मे महिना हे काम फुकटात करून देतो. महिन्याभराने झाकण काढलं की कोणता रंग विकायच्या चित्रात वापरायचा आणि कोणता नाही, ते समोर दिसतं.

ब्रशचंही तसंच. बारा ब्रशचा सेट नको. टोक नीट जुळणारा एक मोठा गोल ब्रश आणि हार्डवेअरच्या दुकानातला रंगाऱ्याचा एक इंची चपटा ब्रश बास. बारीक ब्रशने सुरुवात केलेला हात बारीकच राहतो, असं माझं मत आहे. याच जिल्ह्यातल्या पंढरपुरात १९१५ मध्ये जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन सुरुवातीला मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवायचे. त्यांच्या रेषेतला मोकळेपणा बघताना मला ती होर्डिंगच आठवतात.

उन्हाळ्यात रंग हातात वाळतोय

ही खास आपली अडचण. पारा चाळिशीच्या वर, हवा कोरडी, डोक्यावर पंखा. जलरंगाचा आकाशाचा हात अर्ध्यात पोचेपर्यंत वरची कड वाळलेली असते आणि मधे रेघ उमटते. पुस्तकातल्या सूचना थंड हवेतल्या माणसांनी लिहिलेल्या असतात, त्या इथं जशाच्या तशा चालत नाहीत. पंखा बंद ठेवा, कागद आधी मागून-पुढून ओला करा आणि मोठे हात सकाळी आठच्या आत उरका. वाळलेली कड पुन्हा ओली करून घासत बसलात तर कागद जातो. तो थर पूर्ण वाळू द्या आणि वरून दुसरा पातळ हात द्या.

ॲक्रिलिकवाल्यांचे हाल आणखी वाईट, पॅलेटवर काढलेला रंग दहा मिनिटांत रबर होतो. उपाय घरात आहे. स्टीलचा चपटा डबा घ्या. तळाला जुन्या टॉवेलचा ओला तुकडा पसरा. (टॉवेलच्या गावात तुकड्याला काय तोटा!) त्यावर बटर पेपर दाबून बसवा आणि रंग त्यावर काढा. काम थांबवलं की झाकण लावा. बाजारात हीच वस्तू 'वेट पॅलेट' म्हणून चांगल्या किमतीला मिळते. फक्त चार दिवसांनी फडकं धुवा, नाहीतर वास येतो आणि घरचे डबा परत मागतात.

फोनमध्ये चारशे चित्रं, वही कोरी

"सर, काही सुचतच नाही" म्हणणाऱ्याच्या फोनची गॅलरी बघावी. जपानी पोस्टर, इटलीतली घरं, सेव्ह करून ठेवलेलं सगळं आणि पुन्हा कधीच न उघडलेलं. सेव्ह करणं म्हणजे बघणं नव्हे.

एक काम करा. अंगावरची जकार्डची, म्हणजे मागावरच नक्षी विणलेली, चादर उजेडात धरा आणि उलटी करा. पुढून मोर लाल आणि जमीन पांढरी असेल तर मागून मोर पांढरा, जमीन लाल. दोन रंगांच्या धाग्यांनी नुसत्या जागा बदलल्या. म्हणजे काढणाऱ्याने मोराइतकाच मोराभोवतीच्या मोकळ्या जागेचा विचार केलेला आहे, कारण मागच्या बाजूला तीच जागा नक्षी होणार असते. आता मोराची मान जवळून बघा. लांबून ती गोल वळते, जवळून मात्र पायऱ्या दिसतात. जुन्या पद्धतीत ही नक्षी आधी आलेखाच्या कागदावर चौकट-चौकट भरून काढायची, मग त्याप्रमाणे पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची. कुठला धागा उचलायचा ते मागाला या भोकांवरून कळतं.

शाळेतली आलेखवही आणि दोन स्केचपेन घेऊन हे करून बघा. ४० बाय ४० चौकटी, दोनच रंग, एक कबूतर किंवा शेंगेची फांदी. पहिल्यांदा ते कबूतर कोंबडी दिसेल. वळणावर सगळ्या पायऱ्या सारख्या लांबीच्या घेतल्या की असं होतं. पायरी आधी चार चौकटींची, मग तीन, दोन, एक अशी उतरवली की वळण येतं. लोगो किंवा फोनमधलं छोटं चिन्ह काढायला हाच हात लागतो.

सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत फोनवर रील काढणारे हजारो असतात. त्या गर्दीत बाराबंदी (बंदांचा पांढरा अंगरखा) घातलेल्या मानकऱ्यांची पाच मिनिटांची पाच स्केचेस करा. सगळे पांढऱ्यात, आणि तरी कुणाचा पांढरा उन्हात पिवळसर, कुणाचा सावलीत निळसर. पांढरं रंगवायला शिकायला यापेक्षा स्वस्त जागा मला ठाऊक नाही.

बाहेरचं काम बघायचंच असेल तर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ पासून हक्कमुक्त कलाकृतींच्या प्रतिमा मोफत वापराला खुल्या केल्यात. आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो, त्यामुळे १९०६ मध्ये वारलेल्या राजा रविवर्म्यांची चित्रं अभ्यासाला आणि वापरालाही मोकळी आहेत. "गुगलवर होतं" हे मात्र परवानगीचं कारण नव्हे.

छापून आल्यावर कळणाऱ्या चुका

चोरीचे फाँट आणि क्रॅक केलेली सॉफ्टवेअर ही काटकसर नाही. मुक्त, बलू यांसारखे देखणे देवनागरी फाँट मोफत आहेत, इंकस्केप आणि क्रिटा ही डिझाइनची आणि चित्रांची सॉफ्टवेअरही मोफत आहेत. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत जोडाक्षरं फुटत असतील तर टाइपच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा.

स्क्रीनवरचा झगझगीत निळा-हिरवा छापील कागदावर मंद होणारच, त्यामुळे आधी सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगांत, बघून घ्या. आणि फाइल देताना अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे फाँट न लागणाऱ्या आकारांत, बदला. माझ्या एका पत्रिकेत छापखान्याच्या कॉम्प्युटरवर तो फाँटच नव्हता आणि 'श्री'चे तीन तुकडे होऊन आले. पाचशे प्रती. फाइल मी तशीच दिली होती, त्यामुळे खर्चही माझा.

तेव्हापासून एक प्रत साध्या कागदावर काढून आधी आजीकडे जाते. ती चष्मा लावते, तारीख बघते, मग वार, मग आडनावं. डिझाइनबद्दल अजून एकदाही काही बोललेली नाही.