मोफत सेवा द्या, पण चष्म्याला हात लावण्याआधी विचारा: ऑप्टिकल काउंटरवरच्या या चुका टाळा

ढिला स्क्रू आवळून देणं, नोजपॅड बदलणं, काचा धुऊन देणं, वाकडी फ्रेम सरळ करणं या कामांचे पैसे घेऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे. चष्मा आपल्या दुकानातला असो की दुसऱ्याच्या, रस्त्यावरून जाणारा माणूस आत आला की त्याचं काम करून द्यावं. पण हल्ली जिथे जातो तिथे एक गोष्ट बघतो. काम फुकटचं म्हणून ते नव्या पोराच्या हातात दिलं जातं. ज्याला फ्रेमचा प्रकार ओळखता येत नाही, त्याच्या हातात पक्कड असते. बिल फाडताना तीनदा तपासणारा मालक इथे मान वरही करत नाही.

गिऱ्हाइकाने काउंटरवर ठेवलेली वस्तू बहुतेक वेळा त्याच्याकडची एकमेव असते आणि तिच्याशिवाय त्याला घरी जाता येत नाही. पुढच्या सगळ्या चुका हे विसरल्यामुळेच होतात.

न विचारता हात लावणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते, म्हणून सविस्तर सांगतो.

ओळखीच्या एका दुकानात मी स्टाफला फिटिंग शिकवायला जातो. मार्चअखेर होती, दहावीच्या पेपर तपासणीचे दिवस. एक शिक्षक संध्याकाळी आले. थ्री पीस चष्मा, म्हणजे काचेला भोक पाडून दांडी आणि ब्रिज, म्हणजे नाकावरचा जोड, थेट बसवलेला. नंबर उणे आठच्या घरात, काचा साध्या फायबरच्या, म्हणजे प्लास्टिकच्या. "उजवी बाजू हलतेय, जरा टाईट करा," एवढंच म्हणाले. काउंटरवरच्या पोराने "बसा सर, दोन मिनिटं" म्हणत चष्मा घेतला, डाव्या हाताने दांडी धरली आणि उजव्या हाताने स्क्रू फिरवायला लागला. काचेला आधार नाही, स्क्रूखालचा प्लास्टिकचा वॉशर झिजलाय का ते बघितलं नाही, भोकाजवळ आधीची चीर आहे का तेही नाही. आतल्या टेबलापर्यंत 'टक्' आवाज आला. भोकापासून कडेपर्यंत काच गेली.

यानंतर पोराने केलं ते मला काच फुटण्यापेक्षा वाईट वाटलं. तो म्हणाला, "सर, आधीच तडा होता."

आवाज सरांनीही ऐकला होता. उणे आठ नंबर म्हणजे चष्म्याशिवाय साधारण साडेबारा सेंटिमीटरच्या पलीकडचं सगळं धूसर. दुसरा चष्मा नव्हता. घरी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पडलेले, आणि एवढा नंबर सिलिंडरसकट, म्हणजे तिरकस नंबरासकट, तयार स्टॉकमध्ये नसतो, ऑर्डर द्यावी लागते. त्यांचा मुलगा येऊन हात धरून त्यांना घेऊन गेला. दुकानदाराने काचा स्वतःच्या पैशाने करून दिल्या, ते योग्यच होतं. पण तपासणीचे दिवस गेले ते गेले. सर त्या दुकानात पुन्हा आले नाहीत, आणि त्यांच्या शाळेतलं दुसरंही कुणी आलं असेल असं मला वाटत नाही.

तडा खरंच आधीचा असू शकतो. फायबरच्या काचेत भोकाभोवती ताण साठतो, बारीक रेषा आधीपासून असतात. पण ते हात लावण्याआधी सांगितलं तर माहिती असते. फुटल्यावर सांगितलं तर ती सबब होते.

माझी सवय अशी आहे. चष्मा दोन्ही हातांनी घ्यायचा आणि कापड अंथरलेल्या ट्रेमध्ये ठेवायचा. पहिला प्रश्न नेहमी एकच: "दुसरा चष्मा आहे का?" मग ट्यूबलाइटकडे धरून गिऱ्हाइकाच्या देखतच बघायचं. ओरखडे, उडालेलं कोटिंग, भोकाजवळच्या रेषा, बिजागरीवरचा हिरवट गंज, आधी कुणी लावलेला गोंद. दिसेल ते तोंडाने बोलायचं. "काका, इथे बारीक चीर आहे. मी आवळायला गेलो तर काच जाऊ शकते. करू की राहू दे?" बहुतेक लोक विचार करून उत्तर देतात. मोठा नंबर, फायबरची थ्री पीस आणि दुसरा चष्मा नाही, असं तिन्ही एकत्र आलं तर मी स्पष्ट नाही म्हणतो. आधी स्पेअर करून घ्या, मग हात लावतो. यावर कुणी रागावलेलं मला आठवत नाही.

थ्री पीस आवळायचीच असेल तर काच आणि ब्रिज एकाच हाताच्या चिमटीत धरा, म्हणजे पीळ काचेवर जात नाही. वॉशर बदला. आणि स्क्रू लागला की थांबा. 'अजून थोडा' हा शब्द या कामात नाही.

घसरणाऱ्या चष्म्याच्या दांड्या आत दाबणं

"चष्मा खाली येतो" म्हटलं की नवीन माणूस दोन्ही दांड्या आत दाबतो. चष्मा डोक्याला घट्ट बसतो, गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि दोन दिवसांत कानशिलं दुखतात म्हणून परत येतं. शिवाय चष्मा घसरतोच.

कारण साधं आहे. डोकं कपाळाकडून कानाकडे रुंद होत जातं. समोरून आवळलेल्या दांड्या त्या उतारावर पुढे सरकतात आणि फ्रेमही पुढे ढकलली जाते. घसरणं थांबतं ते कानामागच्या वळणाने आणि नोजपॅडने. दांडीचं वळण कानाचा माथा संपताच सुरू व्हायला हवं. ते मागे पडलं असेल तर दांडी कानावर नुसती टेकलेली असते, धरत काहीच नाही. म्हणून आधी गिऱ्हाइकाला चष्मा घालायला सांगा, कानामागे बोट फिरवून बघा आणि मगच पक्कड उचला.

आमच्या इचलकरंजीत यंत्रमागावर काम करणारी माणसं येतात. दिवसभर घाम, सुताची उडणारी तूस, आणि तुटलेला धागा जोडायला सतत खाली वाकणं. त्यांना ताठ बसवून "कसं वाटतंय?" विचारण्यात अर्थ नाही. मी त्यांना वाकून जमिनीकडे बघायला लावतो, मान हलवायला सांगतो. तिथे टिकला तर मागावर टिकेल. हे करायला मिनिटभरही लागत नाही, तरी घाईत असलेली पोरं नेमकं हेच टाळतात.

तिरका बसणारा चष्मा काचेच्या टेबलावर उलटा ठेवून सरळ करण्याची सवयही अर्धवट आहे. टेबल सपाट असतं, माणसाचे कान एका रेषेत नसतात. टेबलावर सरळ केलेली फ्रेम चेहऱ्यावर तिरकी बसू शकते. शेवटचं माप चेहऱ्यावरच घ्या. उजवी काच वर दिसत असेल तर उजवी दांडी बिजागरीपाशी वर वळवा, बाजू खाली येते. एक काच चेहऱ्याला जास्त जवळ असेल तर त्याच बाजूची दांडी आत घ्या, काच लांब जाते. पहिल्यांदा उलटं वाटतं. दुकानातली जुनी फ्रेम घेऊन एकमेकांच्या चेहऱ्यावर सराव करा, गिऱ्हाइकाच्या फ्रेमवर नाही.

फ्रेम न ओळखता गरम करणं

शेल फ्रेम, म्हणजे ॲसिटेटची, गरम केल्यावर वळते. टीआर, म्हणजे लवचिक प्लास्टिकची फ्रेम वळल्यासारखी वाटते आणि थंड होताना पुन्हा जागेवर जाते, म्हणून पोरगं आणखी गरम करतं. मेमरी मेटलची, म्हणजे वाकवली तरी मूळ आकारात परत येणाऱ्या धातूची, दांडी मधे वाकवायला जाऊ नये, ती वळतच नाही. जे काही करायचं ते बिजागरीपाशी किंवा टोकाला. ॲसिटेटच्या दांडीत बहुतेक वेळा धातूची तार असते, पारदर्शक रंगात ती दिसतेही. एवढी ओळख तरी असावी.

हीटरची हवा काचेवर जाऊ देऊ नका. काच आणि तिच्यावरचं अँटीग्लेअर कोटिंग उष्णतेने सारखं प्रसरण पावत नाही, त्यामुळे कोटिंगला जाळीसारख्या बारीक भेगा पडतात. त्या पुसून जात नाहीत, काच बदलावीच लागते.

झटपट गोंद

नाही. कधीच नाही. तुटलेली बिजागरी पानपट्टीवर मिळणाऱ्या ट्यूबने चिकटवली तर त्याची वाफ काचेवर पांढरट थर धरते आणि नंतर नीट झाळण्याची वाटही बंद होते. "दुरुस्त होणार नाही" हे सांगणं हीसुद्धा सेवा आहे.

धुणं आणि पुसणं

कोरड्या कपड्याने पुसून देऊ नका. सुताची तूस, मातीचे कण, रस्त्याची धूळ काचेवर असताना पुसणं म्हणजे ओरखडे काढणं. आधी नळाखाली, मग भांड्यांच्या साबणाचा एक थेंब बोटाने, पुन्हा पाणी, मग स्वच्छ कापड. काउंटरवर महिनाभर तेच कापड पडलेलं असेल तर ते फेकून द्या.

पाण्यात कंपनांनी चष्मा धुणारं अल्ट्रासॉनिक मशीन चांगलं आहे, पण कोटिंगला जाळी पडलेली असेल तर त्यात टाकू नका, उरलेलं कोटिंगही सोलून निघतं. लाकडी, चामडं लावलेल्या, खडे चिकटवलेल्या फ्रेमही नकोत. ॲसिटोनची बाटली काउंटरवर ठेवूच नका. ॲसिटेट फ्रेम त्यात विरघळते आणि पॉलीकार्बोनेटच्या काचेला तडे जातात.

दोन गिऱ्हाइकांचे चष्मे एका बास्केटमध्ये टाकणं तर अजिबात नको. 2023 च्या पावसाळ्यात राज्यभर डोळे येण्याची साथ होती, आठवतंय ना? ती नजरेने नाही, हाताने पसरते. डोळा लाल दिसला तर नोजपॅड आणि दांड्या धुऊन घ्या, स्वतःचे हात धुवा, आणि त्या माणसाला ट्रायल फ्रेम, म्हणजे नंबर काढताना सगळ्यांना घालतो ती फ्रेम, घालायला देऊ नका.

नोजपॅड एकच खराब असला तरी दोन्ही बदला, नाहीतर चष्मा एका बाजूला कलतो. स्क्रू घामाने धरला असेल तर तेलाचा थेंब टाकून थांबा, जोर लावू नका.

"फ्री डोळे तपासणी"चा बोर्ड

बोर्ड लावायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती तपासणी झाल्यावर "डोळे एकदम ओके आहेत" म्हणण्याला. आपण नंबर काढतो. डोळ्याचं प्रेशर, पडदा, मोतीबिंदूची अवस्था हे आपल्या काउंटरवर कळत नाही. नंबर काढायच्या मशीनमधून निघालेली चिठ्ठी ही सुरुवात असते, तिच्यावरून थेट काचा करू नयेत. मुलांच्या बाबतीत तर मुळीच नाही. मुलं मशीनमध्ये बघताना डोळ्याला ताण देतात आणि उणे नंबर आहे त्यापेक्षा जास्त येतो. त्यांना डॉक्टरांकडे पाठवा, थेंब टाकून नंबर काढायला लागतो.

सत्तरीच्या आजी येतात आणि आनंदाने सांगतात, "आता मला चष्म्याशिवाय पोथी वाचता येते." काउंटरवरचा पोरगा म्हणतो, "वा आजी, डोळे सुधारले!" हे ऐकलं की मी उठून पुढे येतो. मोतीबिंदूचा एक प्रकार असा आहे की भिंग घट्ट होत जातं, नंबर उणेकडे सरकतो आणि जवळचं काही काळ बरं दिसतं. त्या आजींना अभिनंदनाची नाही, डॉक्टरांची गरज असते. थोड्याच दिवसांत नंबर मागेपुढे झाला असेल तर शुगर तपासली का विचारा. साखर वरखाली झाली की नंबरही हलतो. अशा वेळी नवीन काचा विकणं चूक आहे, महिन्याभरात त्या निरुपयोगी ठरू शकतात.

आणि कुणी म्हणालं की अचानक काळे ठिपके दिसायला लागलेत, वीज चमकल्यासारखं होतंय, किंवा बाजूने पडदा पडल्यासारखं वाटतंय, तर मशीनवर बसवूसुद्धा नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवा. डोळ्याच्या आतला पडदा सुटत असेल तर उशीर परवडत नाही. शक्य असेल तर फोन लावून द्या.

लेन्सोमीटरवर (काचेचा नंबर मोजायच्या मशीनवर) बघून दुसऱ्याला नावं ठेवणं

"कुठून केला? नंबर चुकलाय." हे वाक्य मला सहन होत नाही. प्रोग्रेसिव्ह काचेत दूरचा आणि जवळचा नंबर रेषेशिवाय एकत्र असतो, तो मधेच कुठेतरी बघितला तर तो चुकीचाच येणार. आधी काचेवरच्या कोरलेल्या खुणा शोधा. त्या एकमेकींपासून 34 मिलिमीटरवर असतात, त्यावरून दूरची आणि जवळची जागा काढता येते. खुणा सापडत नसतील तर मत देऊ नका. खरंच चूक सापडली तरी गिऱ्हाइकाला सांगा, "जिथे केला तिथे एकदा दाखवून घ्या, ते बदलून देतील."

काचा धुता धुता "कोटिंग गेलंय, नवीन करून टाकू" म्हणणंही बंद करा. गेलं असेल तर दाखवा आणि गप्प बसा. त्यांना हवं असेल तर ते विचारतील. आणि काम फुकटचं असलं तरी एखाद्या स्क्रूचे किंवा सिलिकॉन पॅडचे पैसे लागणार असतील तर ते काम सुरू करण्याआधी सांगा.

गर्दीत

बाजाराच्या दिवशी पाच चष्मे एकदम काउंटरवर येतात. प्रत्येकाला वेगळा ट्रे आणि नावाची चिठ्ठी द्या. जमत नसेल तर "तासाभराने या" म्हणा, लोक येतात. चष्मा परत देताना पिशवीत घालून देऊ नका, तिथेच घालायला लावा. आरशात बघू दे, वाकून बघू दे, मोबाईलवरचा मेसेज वाचू दे. प्रोग्रेसिव्ह असेल तर हे जास्तच गरजेचं, कारण फ्रेम दोन मिलिमीटर खाली बसली तरी वाचायची जागा सरकते आणि माणूस घरी जाऊन काचेलाच दोष देतो.