राज्यमंत्रिपदाचा इतिहास लिहिताय? या चुका टाळा

गावोगावच्या स्मरणिका, शताब्दी अंक आणि गौरवग्रंथ छापण्याआधी तपासून देण्याचं काम मी मुंबईत बसून करतो. त्यात एक वाक्य पुन्हा पुन्हा भेटतं: ‘कै. अमुक हे १९३८ साली मुंबई सरकारात राज्यमंत्री होते.’ लिहिणाऱ्याने ते आदराने लिहिलेलं असतं, घरातल्या आठवणींवर विसंबून लिहिलेलं असतं. पण १९३८ साली मुंबई सरकारात राज्यमंत्री नावाचं पदच नव्हतं.

घरचे लोक खोटं सांगत नसतात. आजोबा खरोखर सरकारात असतात, कौन्सिल हॉलमध्ये उभं राहून उत्तरं देत असतात. फक्त त्यांचं पद वेगळं असतं. आजचं नाव त्यांना चिकटवलं की त्यांनी नेमकं काय केलं तेच झाकलं जातं. म्हणून या चुकांबद्दल सविस्तर लिहितो आहे.

त्या काळचं पद त्या काळच्याच नावाने लिहा

१ एप्रिल १९३७ ला प्रांतिक स्वायत्तता लागू झाली. मुंबई प्रांतात आधी धनजीशहा कूपर यांचं अल्पजीवी सरकार आलं आणि जुलैमध्ये बाळासाहेब खेर यांनी काँग्रेसचं सरकार बनवलं. या सरकारात मंत्र्यांच्या हाताखाली ‘पार्लमेंटरी सेक्रेटरी’ होते. मराठीत आपण त्यांना संसदीय सचिव म्हणतो. गुलझारीलाल नंदा १९३७ ते १९३९ या काळात मजूर आणि अबकारी खात्यांचे पार्लमेंटरी सेक्रेटरी होते. हंसाबेन मेहता शिक्षण आणि आरोग्याचं काम पाहत होत्या. १९४६ मध्ये खेर पुन्हा आले तेव्हा यशवंतराव चव्हाण गृहखात्याचे पार्लमेंटरी सेक्रेटरी झाले. गृहमंत्री होते मोरारजी देसाई. यशवंतराव पुढे १९५२ मध्ये पुरवठा मंत्री झाले आणि १ मे १९६० ला महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री. ही चढण समजून घ्यायची तर पहिली पायरी कोणती होती ते बरोबर लिहायलाच हवं. ‘१९४६ मध्ये राज्यमंत्री’ असं लिहिलं की ती पायरीच पुसली जाते.

‘सचिव’ या शब्दाचीही गल्लत होते. हे सचिव सनदी अधिकारी नव्हते, निवडून आलेले आमदार होते. मंत्र्याच्या वतीने सभागृहाचं काम सांभाळायचं आणि कारभार शिकायचा, असं ते पद होतं.

त्याच काळातली वर्तमानपत्रं चाळताना आणखी एका शब्दाशी थांबा. प्रांताच्या प्रमुखाला तेव्हा ‘प्राइम मिनिस्टर’ म्हणत. त्यामुळे खेरांचा उल्लेख ‘मुंबईचे पंतप्रधान’ असा दिसला तर तो मुद्रणदोष समजून दुरुस्त करू नका.

‘राज्य’ म्हणजे महाराष्ट्र राज्य नव्हे

वाचक सर्वांत जास्त इथे फसतात. ‘केंद्रीय राज्यमंत्री’ हे शब्द ऐकून विद्यार्थी विचारतात, ‘सर, केंद्राचे की राज्याचे?’ प्रश्न अगदी रास्त आहे, कारण मराठीत ‘राज्य’ म्हटलं की आपल्यासमोर महाराष्ट्रच येतो. पण हे नाव ‘मिनिस्टर ऑफ स्टेट’चं भाषांतर आहे आणि त्यातलं ‘स्टेट’ म्हणजे शासनसंस्था. दिल्लीतला राज्यमंत्री भारत सरकारचा असतो, मुंबईतला महाराष्ट्र सरकारचा. पदाच्या नावातला ‘राज्य’ हा शब्द सरकार कोणाचं ते सांगत नाही, त्यामुळे वाक्यात सरकारचं नाव लिहावंच लागतं.

मूळ ब्रिटिश नावाची गोष्ट तर आणखी वेगळी आहे. १ मे १९४१ ला, ऐन युद्धात, चर्चिलने लॉर्ड बीव्हरब्रुकना ‘मिनिस्टर ऑफ स्टेट’ नेमलं. ते युद्धमंत्रिमंडळाचे सदस्य होते. त्यानंतर ऑलिव्हर लिटलटन याच नावाने कैरोत बसून मध्यपूर्वेचं काम पाहत होते. म्हणजे नाव जन्माला आलं तेव्हा ते दुय्यम मंत्र्याचं नव्हतंच. दुय्यम मंत्र्यांसाठी तिथे ‘अंडर सेक्रेटरी’ हे जुनं पद होतं. हे नाव खात्यातल्या दुसऱ्या फळीतल्या मंत्र्याला लागलं ते नंतर.

जुन्या मराठीत यासाठी एक चांगली सोय होती. लंडनच्या ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट फॉर इंडिया’ला आपले संपादक ‘भारतमंत्री’ म्हणत. तोच शब्द वापरा, ‘भारताचे राज्यसचिव’ असं काही बनवू नका. माँटेग्यू १९१० ते १९१४ या काळात त्या खात्याचे अंडर सेक्रेटरी, म्हणजे दुय्यम मंत्री होते आणि १९१७ मध्ये भारतमंत्री झाले. १९१९ मध्ये त्याच दुय्यम पदावर लॉर्ड सिन्हा आले. त्या पदावर बसलेले ते पहिले भारतीय. हे तपशील एका ओळीत ‘मंत्री’ म्हणून गुंडाळले तर सिन्हांच्या नेमणुकीचं महत्त्व उरत नाही.

दिल्लीत नाव रुळायला वेळ लागला

स्वातंत्र्यानंतर लगेच आजची उतरंड तयार झाली असं समजू नका. गोपालस्वामी अय्यंगार यांनी १९४९ मध्ये केंद्रीय कारभाराच्या पुनर्रचनेवर अहवाल दिला आणि मंत्र्यांच्या श्रेणी मांडल्या. १९५२ च्या सरकारात मात्र एक वेगळाच वर्ग होता: दर्जा कॅबिनेटचा, पण कॅबिनेटचे सदस्य नाहीत. १९५७ मध्ये त्या वर्गाला राज्यमंत्री म्हणू लागले.

आपल्याला जवळचं उदाहरण बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांचं. आधी ते परराष्ट्र खात्याचे उपमंत्री होते. मग १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षं माहिती व नभोवाणी खातं त्यांच्याकडे राहिलं. आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळपास हद्दपार करणारे ते हेच मंत्री. इतकं वजन असलेला माणूस कॅबिनेटमध्ये असणारच, असं गृहीत धरून अनेक जण ‘कॅबिनेट मंत्री केसकर’ लिहितात. ते कॅबिनेटमध्ये नव्हते. खातं स्वतंत्र असणं आणि कॅबिनेटमध्ये बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आज हाच फरक ‘स्वतंत्र प्रभार’ या शब्दाने दाखवतात. प्रतापराव जाधवांकडे जून २०२४ मध्ये आयुष मंत्रालयाचा स्वतंत्र प्रभार आला आणि त्याच वेळी ते आरोग्य मंत्रालयात राज्यमंत्रीही झाले. एकाच माणसाला एका खात्यात वर कोणी कॅबिनेट मंत्री नाही आणि दुसऱ्यात आहे. अशा वेळी खात्यागणिक पद लिहा.

घटनेत ‘राज्यमंत्री’ शोधत बसू नका

स्पर्धा परीक्षेची मुलं कलम १६४ पुन्हा पुन्हा वाचतात आणि हा शब्द सापडत नाही म्हणून गोंधळतात. केंद्रासाठी ७४ आणि ७५, राज्यासाठी १६३ आणि १६४ या कलमांत मुख्यमंत्री किंवा पंतप्रधान आणि ‘इतर मंत्री’ एवढंच आहे. तिसऱ्या अनुसूचीतल्या शपथेच्या नमुन्यातही श्रेणी नाही. कॅबिनेट दर्जाचा स्पष्ट उल्लेख कलम ३५२ मध्ये येतो, तोही ४४ व्या घटनादुरुस्तीने घातलेला. कोणाला कोणतं काम द्यायचं हे कलम १६६ खाली केलेल्या कार्यनियमावलीतून आणि मुख्यमंत्र्यांच्या वाटपातून ठरतं. राज्यमंत्र्याच्या हातात किती फायली येणार हेही बरंचसं त्यावर आणि कॅबिनेट मंत्र्यावर अवलंबून असतं. ‘अधिकारच नाहीत’ ही राज्यमंत्र्यांची जुनी तक्रार तिथूनच येते, आणि ती मला खरी वाटते.

मात्र संख्या मोजताना घटना सगळ्यांना एकत्र धरते. ९१ व्या घटनादुरुस्तीने विधानसभेच्या १५ टक्क्यांची मर्यादा घातली. २८८ आमदारांच्या महाराष्ट्रात मुख्यमंत्र्यांसह ४३ जण. त्यात राज्यमंत्री आणि उपमंत्रीही आले. घटनेतला शब्द ‘मंत्रिपरिषद’ आहे, म्हणजे सगळे मिळून. ‘मंत्रिमंडळ’ म्हणजे काटेकोर अर्थाने कॅबिनेट. बातमीत दोन्हींना मंत्रिमंडळ म्हणतात ते चालतं, इतिहासात चालवू नका.

उपमंत्री, उपमुख्यमंत्री आणि नुसता दर्जा

उपमंत्री हे राज्यमंत्र्याच्याही खालचं पद. आता ते दिसत नाही, म्हणून तरुण लेखक जुन्या यादीतल्या ‘उपमंत्री’चं परस्पर ‘उपमुख्यमंत्री’ करून टाकतात. प्रतिभाताई पाटील १९६७ मध्ये वसंतराव नाईकांच्या सरकारात उपमंत्री होत्या, १९७२ मध्ये कॅबिनेट मंत्री झाल्या. शरद पवार १९७२ मध्ये गृह खात्याचे राज्यमंत्री झाले. महाराष्ट्राला पहिला उपमुख्यमंत्री मिळाला तो १९७८ मध्ये: नाशिकराव तिरपुडे.

‘राज्यमंत्री दर्जा’ ही तर वेगळीच गोष्ट. महामंडळाच्या अध्यक्षाला सोयीसवलतींसाठी दर्जा मिळतो, मंत्रिपद मिळत नाही. ‘दारात लाल दिव्याची गाडी यायची’ हा घरच्यांचा पुरावा इथे कामाचा नाही, कारण २०१७ पर्यंत तो दिवा बऱ्याच प्रकारच्या गाड्यांवर होता. शपथ घेतली होती का, एवढं विचारा. नसेल घेतली तर ते मंत्री नव्हते.

संसदीय सचिवांनाही अलीकडे काही राज्यांनी असेच दर्जे दिले. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००९ मध्ये तिथल्या नेमणुका रद्द केल्या. आसामच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटलं की असं पद निर्माण करणारा कायदा करण्याचा अधिकार विधिमंडळाला नाही. त्यामुळे १९३७ चा पार्लमेंटरी सेक्रेटरी आणि आजचा संसदीय सचिव यांना एका माळेत ओवू नका.

नाव यादीत सापडत नसेल तर

आधी तारीख तपासा. शपथविधी आणि खातेवाटप यांत अंतर असतं. १५ डिसेंबर २०२४ ला नागपुरात ३३ कॅबिनेट आणि ६ राज्यमंत्र्यांनी शपथ घेतली, खाती मिळाली २१ तारखेला. ‘अमुक खात्याचे राज्यमंत्री म्हणून १५ डिसेंबरला शपथ घेतली’ हे वाक्य म्हणून चूक. जुन्या काळातही हेच होतं, शिवाय मधेच खाती बदलत.

तरीही नाव दिसत नसेल तर मंत्र्यांची यादी बाजूला ठेवा, उपमंत्री आणि संसदीय सचिवांच्या याद्या वेगळ्या पाहा. मग राजपत्र. नेमणुकीची अधिसूचना हा सर्वांत पक्का कागद. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात जुने खंड मागता येतात. त्यानंतर विधिमंडळाच्या कामकाजाचे छापील वृत्तांत, कारण त्यात उत्तर देणाऱ्याच्या नावापुढे पद असतं. मंत्रालयातल्या कागदांवर एकट्यावर भिस्त ठेवू नका, २१ जून २०१२ च्या आगीत तिथलं बरंच काही जळालं. गौरवग्रंथ आणि मृत्युलेख शेवटी वाचा. ते एकमेकांवरून उतरवलेले असतात.

ही शेवटची सूचना मी अनुभवाने शिकलो. काही वर्षांपूर्वी एका शिक्षणसंस्थेच्या अंकात संस्थापकांबद्दल ‘राज्यमंत्री’ असा शब्द होता. आधीच्या दोन अंकांतही तोच होता, म्हणून मी तो तसाच ठेवला. अंक वाटून झाल्यावर त्यांच्या नातीने ट्रंकेतून नेमणुकीचं इंग्रजी पत्र आणून दाखवलं. त्यावर ‘पार्लमेंटरी सेक्रेटरी’ असं टंकलेलं होतं. शिल्लक राहिलेल्या प्रतींवर दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवायला ती आणि मी दोन दुपारी बसलो. वाटलेल्या प्रतींसाठी तिने वर्गणीदारांची यादी काढली आणि प्रत्येकाला तीच चिठ्ठी पाकिटात घालून पाठवली.