बुद्धिबळात काळी मोहरी आली की रडू नका, रुबिनस्टाईनचा हा डाव मांडा

काळी मोहरी हातात आली की निम्मे जण आधीच तोंड पाडून बसतात. त्यांनी एकदा पट काढून १९०७ चा वुच (Łódź, आजचं पोलंड) इथला रोटलेवी (पांढरा) विरुद्ध अकिबा रुबिनस्टाईन (काळा) हा डाव मांडून बघा. सुरुवात (ओपनिंग) क्वीन्स गॅम्बिट नाकारून टाराश डिफेन्स, एकदम क्लासिकल, आणि काळ्याने २५ चालीत संपवलाय.

पहिल्यांदा १५ व्या चालीपर्यंत या, पांढऱ्याचं कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं) झालं की थांबा. आता दोन्ही बाजू नीट बघा, आरशात बघितल्यासारख्या सेम आहेत, फरक एवढाच की काळ्याचा हत्ती डी८ वर (डी ही उभी ओळ, ८ ही आडवी) आलाय आणि वर चालही काळ्याचीच! पांढऱ्याच्या चाली गेल्या कुठे? वजीर आधी डी२, मग ई२. उंट डी३, मग सी४, परत डी३. आपण शिकायचं ते इथेच: सी४ चं प्यादं मारायची घाई करायची नाही, पांढऱ्याचा उंट एकदा हलू दे, मग मारायचं, म्हणजे त्याला त्याच उंटाची अजून एक चाल खर्च करावी लागते. मी कितीतरी वर्षं ते प्यादं दिसलं की लगेच खायचो आणि वर म्हणायचो काळ्याला काही मिळतच नाही.

पुढे पांढरा एफ४, ई४, ई५ करत सुटतो आणि काळ्याच्या उंटांना रस्ते मोकळे होतात. उंटाचा बी६ वरून शह, घोडा जी४, वजीर एच४. पांढरा जी३ करून वजिरावर येतो तेव्हा पुढची चाल झाकून ठेवा आणि स्वतः शोधा, दहा मिनिटं तरी द्या.

चाल आहे हत्तीने सी३ चा घोडा मारणे, वजीर तसाच मारात ठेवून! कारण तो घोडा ई४ वर आलेल्या पांढऱ्या उंटाला जोर देत होता. पांढऱ्याने बी२ च्या उंटाने हत्ती मारला तर काळा उंट ई४ वर मारून शह देतो, वजिराने तो घेतला की एच२ वर मात. म्हणून रोटलेवीने वजीर खाल्ला, तर दुसरा हत्ती डी२ वर, म्हणजे तो मारायला पांढरा वजीर ई४ च्या राखणीवरून ओढला जातो. मग उंटाने ई४ वर मारून शह, वजीर मध्ये जी२ वर, आणि शेवटी हत्ती शांतपणे एच३. जी२ चा वजीर पिनमध्ये (बाजूला हलला तर मागच्या राजाला शह), त्यामुळे एच२ ची मात काही केल्या टळत नाही, फार तर पांढरा हत्ती एफ३ वर घालून एखादी चाल लांबवता येते. रोटलेवीने तेवढंही केलं नाही, डाव सोडला.