स्पंजातल्या जीवाणूंची जनुकं कशी तपासावीत

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटी लांबवर उतरते, तेव्हा रत्नागिरीच्या खडकांच्या कपारींत स्पंज हे समुद्री प्राणी उघडे पडतात. त्यांच्यातल्या काही जीवाणूंत औषधी संयुगं बनवणारी जनुकं असतात; ती शोधायची ही रीत. आधी परवानगी घ्या. मग नखाएवढाच तुकडा कापा. अख्खा स्पंज उपटू नका; जागेवर उरलेला भाग पुन्हा वाढतो. तुकडा निर्जंतुक समुद्रपाण्यात तीनदा धुवा, खलात वाटा, दहापट-दहापट पातळ करून आगराच्या प्लेटवर पसरा. अ‍ॅक्टिनोबॅक्टेरिया (अनेक प्रतिजैविकं बनवणारा जीवाणूंचा गट) हवे असतील तर बुरशी रोखायला सायक्लोहेक्झिमाइड आणि भराभर वाढणारे ग्रॅम-निगेटिव्ह जीवाणू रोखायला नॅलिडिक्सिक आम्ल घाला. प्लेटा २८ अंशांवर ठेवा.

आणि थांबा. पहिल्या वर्षी मी दहाव्या दिवशी प्लेटा ऑटोक्लेव्हला लावल्या, म्हणजे दाबाच्या वाफेत मारून टाकल्या. एक कोपऱ्यात राहून गेली. पाचव्या आठवड्यात तिच्यावर खडूच्या भुकटीसारख्या, आगरात घट्ट रुतलेल्या कॉलन्या होत्या. माझं पुढचं सगळं काम त्यांच्यावरच झालं. प्लेटा सुकू नयेत म्हणून कडेला पॅराफिल्मची पट्टी लावा, सहा आठवडे द्या.

डीएनए काढताना लायसोझाइमला (पेशीभिंत फोडणाऱ्या विकराला) पुरेसा वेळ द्या; यांची भिंत जाड असते. जीवाणू ओळखायला वापरतात त्या १६एस जनुकावरून ओळख पटली की पीकेएस (पॉलिकेटाइड संयुगं बनवणारी) आणि एनआरपीएस (रायबोसोमशिवाय पेप्टाइडं बनवणारी) जनुकं पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या प्रती काढून, शोधा. एरिथ्रोमायसिन पहिल्या यंत्रणेतून बनतं, व्हँकोमायसिन दुसरीतून. पीकेएससाठीच्या के१एफ-एम६आर प्रायमरांचा (जनुक हेरणाऱ्या छोट्या डीएनए-तुकड्यांचा) जेलवरचा बँड, म्हणजे पट्टा, साधारण १२०० ते १४०० बेसचा, एनआरपीएससाठीच्या ए३एफ-ए७आरचा ७०० च्या आसपास. यांच्या डीएनएत जी आणि सी ही अक्षरं ७० टक्क्यांच्या आसपास असतात आणि धागे घट्ट चिकटतात, म्हणून ते सुटे करायला पीसीआरमध्ये थोडं डीएमएसओ हे द्रावक घाला. शेजारी स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलर या ओळखीच्या अ‍ॅक्टिनोबॅक्टेरियमचा डीएनए चालवा, म्हणजे जेल कोरं आलं तर दोष कुठे आहे ते कळेल.

बँड दिसला म्हणून औषध सापडलं असं मात्र समजू नका. स्निग्धाम्लं बनवणारी जनुकं पीकेएसची भावंडंच, बँड त्यांचाही असू शकतो. बँडचा क्रम वाचल्याशिवाय वहीत 'आहे' लिहू नका. बँड नाही आला तरी 'नाही' लिहू नका, कारण प्रायमर आधी माहीत असलेल्या जनुकांवरूनच बेतलेले असतात. परवडलं तर जीनोम वाचून अँटीस्मॅश या संगणक-प्रणालीत टाका, ती फुकट आहे; संयुग बनवणाऱ्या जनुकांचे क्लस्टर, म्हणजे गट, ती शोधून देते. लांब रीड्स (एका वेळी वाचलेले डीएनएचे तुकडे) घ्या. या जनुकांत एकासारखे एक भाग (मॉड्यूल्स) असल्यामुळे छोट्या रीड्समध्ये क्लस्टर तुटतो. सीलिकलरचा जीनोम २००२ मध्ये आला तेव्हा त्यात वीसहून जास्त क्लस्टर निघाले, ओळखीची संयुगं मोजकीच होती. मुक्या, म्हणजे संयुग न बनवणाऱ्या, क्लस्टरांना बोलतं करायला माध्यम, मीठ, तापमान बदलून पाहा.

थिओनेला स्वीन्होई या स्पंजामधल्या बहुतेक संयुगांमागे एंटोथिओनेला हा जीवाणू आहे, हे २०१४ मध्ये तो प्लेटवर न वाढवताच कळलं. प्लेटवर न वाढणाऱ्या अशा जीवाणूंचा डीएनए पुढे थेट तुकड्यातून वाचता यावा म्हणून धुतलेल्या तुकड्याचा थोडा भाग वाटण्याआधीच उणे ८० अंशांत ठेवा, वर जागा आणि तारीख लिहून.