टॉर्चच्या आट्यांना वंगण लावताय? या चुका टाळा

मागचं झाकण फिरवताना खरखर यायला लागली की घरात हाताला लागेल ते आट्यांना चोपडायचं, ही आपली रीत. खोबरेल, व्हॅसलीन, शिलाई मशीनचं तेल, नाहीतर गॅरेजवाल्याकडून आणलेलं बोटभर ग्रीस. झाकण लगेच मऊ फिरायला लागतं, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटतं. बिघाड कळतो तो काही आठवड्यांनी, आणि तोही बहुधा आट्यांच्या शेजारी खाचेत बसलेल्या ओ-रिंगमध्ये, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यात. ॲल्युमिनियमचे आटे जवळपास कुठलंही वंगण सोसतात, पण रबराच्या बाबतीत तसं नाही. म्हणून वंगण निवडायचं ते आधी रिंग बघून.

रबर कुठलं ते न बघणं

टॉर्चमध्ये बहुतेक वेळा नायट्राइल किंवा सिलिकॉन रबराची रिंग असते, क्वचित ईपीडीएम किंवा व्हायटॉनची. नायट्राइलला पेट्रोलियम तेलं चालतात. गाड्यांच्या ऑइल सीलमध्ये ते वापरतात ते याच गुणासाठी. ईपीडीएमला तेच तेल लावलं तर ते फुगतं. सर्वांत जास्त फसगत होते ती सिलिकॉनच्या बाबतीत. ‘सिलिकॉनच्या रिंगला सिलिकॉन ग्रीस’ हे ऐकायला इतकं बरोबर वाटतं की कोणी शंकाच घेत नाही. प्रत्यक्षात दोन्ही एकाच कुळातली असल्यामुळे रबर ते तेल शोषून घेतं आणि सैल पडतं. मग रिंग खाचेबाहेर लोंबते, झाकण लावताना आट्यांत चिमटते आणि कापली जाते. दोष मात्र रिंगच्या दर्जाला दिला जातो.

काळी रिंग म्हणजे नायट्राइल हा अंदाज बऱ्याचदा खरा ठरतो, पण रंग हा पुरावा नाही. रंगीत किंवा अंधारात चमकणारी रिंग असेल तर ती सिलिकॉनची धरून चालावं. शंका असेल तर टॉर्चच्या खोक्यात आलेली जादा रिंग घ्या, बाटलीच्या झाकणात थोडं वंगण घेऊन त्यात आठवडाभर बुडवून ठेवा आणि नंतर पुसून दुसऱ्या रिंगवर ठेवून बघा. मोठी झाली असेल, बोटाला गिळगिळीत लागत असेल तर ते वंगण त्या टॉर्चला नको.

नायट्राइलला साधं सिलिकॉन ग्रीस उत्तम. आरओ फिल्टरची दुरुस्ती करणाऱ्यांकडे किंवा नळाच्या सामानाच्या दुकानात ते मिळतं. पीएओ नावाच्या सिंथेटिक तेलावर केलेली ग्रीस, म्हणजे सुपर ल्यूबचं पांढरट ग्रीस किंवा टॉर्चच्या शौकिनांमध्ये प्रसिद्ध असलेलं नायोजेल ७६०जी, नायट्राइलला चालतातच, सिलिकॉनलाही सहसा चालतात. ईपीडीएमला मात्र नाहीत. क्रायटॉक्ससारखं पीएफपीई, म्हणजे फ्लोरिनयुक्त सिंथेटिक तेलाचं ग्रीस जवळपास कुठल्याच रबराला बाधत नाही, फक्त खिशाला बाधतं. एका टॉर्चसाठी ते आणण्याची गरज नाही असं माझं मत.

घरातली तेलं

खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं. थंडीत बाटलीत जे होतं तेच आट्यांत होतं. सूर्यफूल, सोयाबीनसारखी तेलं हवेने हळूहळू चिकट होऊन धूळ धरतात. व्हॅसलीन नायट्राइलवर तात्पुरतं चालेल, पण जोरात पेटवलेल्या टॉर्चचं डोकं तापलं की ते पातळ होऊन वाहतं. डब्ल्यूडी-४० गंजलेला स्क्रू सोडवायला छान. त्यातला बराचसा भाग उडून जातो आणि मागे उरतो तो पातळ थर. रोज फिरणाऱ्या आट्यांना तो पुरत नाही.

वंगण लावलं आणि टॉर्च लुकलुकायला लागली

ही तक्रार फार येते. धातूच्या टॉर्चमध्ये सेलची ऋण बाजू मागची स्प्रिंग, मग बटण, मग नळीची कड आणि नळी अशा वाटेने डोक्यापर्यंत जोडलेली असते. म्हणजे नळी हीच वायर. नळीवरचा ॲनोडायझिंगचा (ॲल्युमिनियमवर मुद्दाम चढवलेला कठीण) थर वीज वाहून नेत नाही, म्हणून नळीची अगदी टोकाची गोल कड मुद्दाम उघडी, चकचकीत ठेवलेली असते. ग्रीस त्या कडेवर गेलं, त्यात ॲल्युमिनियमची काळी भुकटी मिसळली, की तिथे अडथळा तयार होतो. तो ०.१ ओहम इतकाच धरा. ५ अँपिअर घेणाऱ्या टॉर्चमध्ये तेवढ्याने अर्धा व्होल्ट वाटेतच जातो आणि त्या जागी २.५ वॅट उष्णता होते. एका १८६५० सेलवर (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब लिथियम सेल) चालणाऱ्या टॉर्चला अर्धा व्होल्ट म्हणजे पुष्कळ. सर्वांत प्रखर प्रकाश टिकत नाही आणि लोक सेलवर संशय घेतात.

उपाय सोपा आहे. सेल काढा. आटे आणि कड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या इअरबडने पुसा. पहिला बड काळाकुट्ट निघेल, दुसरा करडा. पांढरा निघेपर्यंत पुसत राहा. रिंग काढताना सुई किंवा चाकूचं टोक वापरू नका. दोन बोटांनी बाजूने दाबलं की तिची कमान उचलते. ती कोरड्या कापडाने पुसा. तांदळाच्या दाण्याएवढं ग्रीस बोटांवर घेऊन रिंगला चोळा, ती ओली चमकली की पुरे. आट्यांना त्यातलंच उरलेलं. शेवटी कड पुन्हा एकदा कोरड्या बडने पुसायची. बहुतेक जण हीच पायरी विसरतात.

पेट्रोल आणि थिनरने सफाई करू नका. रबर तर जातंच, प्लास्टिकची काच असेल तर तीही धुरकट होते.

लुकलुक थांबावी म्हणून वीज वाहून नेणारं तांब्याचं किंवा ग्रॅफाइटचं ग्रीस लावण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. ॲल्युमिनियमला तांबं किंवा ग्रॅफाइट लागलं आणि वर पावसाळी ओल आली की ॲल्युमिनियम झिजतं.

सरकत्या झूमची टॉर्च

बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या झूमच्या टॉर्चला डोकं पुढे-मागे सरकतं ते एका ओ-रिंगवर. तिथे पातळ सिलिकॉन तेल किंवा स्प्रे मारला की तेल पसरत जाऊन भिंगाच्या आतल्या बाजूला पोचतं आणि उजेडात धुकं दिसतं. दाट ग्रीस, तेही नावापुरतं. परावर्तक असलेल्या टॉर्चमध्ये तेल आत गेलंच, तर परावर्तक कापडाने पुसायला जाऊ नका. त्याची चकाकी म्हणजे ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो आणि तो पुसून निघतो. फिरत्या चुंबकी कड्याने उजेड कमी-जास्त करायची टॉर्च असेल तर आधी कड्याखालची लोखंडी धूळ चिकटपट्टीने काढा. ग्रीस त्यानंतर, नाहीतर तुम्ही वाळूवर वंगण घालत असता. बटणात कुठलाही स्प्रे मारायचा नाही.

रिंग चपटी झाली असेल किंवा ताणल्यावर बारीक चिरा दिसत असतील तर ग्रीसने पाणी अडणार नाही. नवी घेताना आतला व्यास आणि रबराची जाडी दोन्ही व्हर्नियरने मोजून न्या. जाडी अर्ध्या मिलिमीटरने कमी असली तरी रिंग खाचेत बसलेली दिसते, झाकणही छान फिरतं, आणि पहिल्याच मोठ्या पावसात सेल ओला होतो.